डाव्या-उजव्याची पाळी

चालताना एक पाय उचलला की दुसऱ्याने टेकून राहावे, हे ठरवतो कोण? मेंदू, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु १९११ मध्ये थॉमस ग्रॅहॅम ब्राऊन यांनी मांजराचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला, पायांकडून येणारे संवेदनांचे तंतूही छेदले. तरी पाय दुमडणारे व ताणणारे स्नायू काही काळ आळीपाळीने आखडतच राहिले. ताल मज्जारज्जूतच होता!

मग डाव्या-उजव्याचे जुळते कसे? लॅम्प्रे नावाच्या, वामीसारख्या जलचराचा नुसता मज्जारज्जू बशीत ठेवून योग्य द्रव्याने चेतवला, तरी त्यात पोहण्याचा ताल सुरू होतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. काही पेशींचे तंतू मध्यरेषा ओलांडून पलीकडच्या बाजूला 'थांब' म्हणून सांगतात. हा निरोप ग्लायसिन नेते. आपल्या परिचयाच्या कुचल्यातले विष, स्ट्रिक्निन, तोच निरोप अडवते. ते बशीत घातले की दोन्ही बाजू एकदमच उसळतात. दोहोंकडून सारखीच ओढ लागली, तर अंग वळणार कसे? चालण्यापोहण्यात निम्मे काम थांबवण्याचे असावे, याची आम्हांला तरी मोठी मौज वाटते.

२०१३ मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत उंदरांतील अशा ओलांडणाऱ्या पेशींचा एक वर्गच नाहीसा केला. हळू चालीसाठी त्यांतला एक गट लागतो, दुडक्या चालीसाठी दुसरा. दोन्ही गेले, तेव्हा ते उंदीर मागचे पाय जोडीने टाकीत सशासारखे उड्या मारू लागले.