स्वारगेटहून विमानतळ आणि चालक नसलेली गाडी

पुण्यात स्वारगेटहून लोहगाव विमानतळाला निघालात, तर भुयारी मेट्रो आहे. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा सुरू झाला. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, रामवाडीला उतरायचं आणि पुढे बस किंवा रिक्षा. शेवटचा हा तुकडाच बॅगा घेऊन जाणाऱ्याला सगळ्यात जड जातो.

मोठ्या विमानतळांनी आवारातल्या अंतराचा असाच प्रश्न सोडवला तो 'पीपल मूव्हर'नं, म्हणजे टर्मिनलांमध्ये आपोआप ये-जा करणाऱ्या छोट्या गाडीनं. सुरुवात अमेरिकेतल्या टँपा विमानतळावर, 1971 मध्ये. सिंगापूरच्या चांगीवरची स्कायट्रेन 1990 पासून धावते. तिकडे गेलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांनी ती पाहिली असेल.

मला भुरळ पडते ती अशा गाड्यांच्या रचनेची. यातल्या पुष्कळ गाड्यांना लोखंडी नव्हे, रबरी चाकं असतात आणि त्या काँक्रीटच्या मार्गावर धावतात. त्यामुळे आवाज कमी आणि चढावर पकड चांगली. वळवायचं काम मार्गातला मार्गदर्शक पट्टा करतो. वेग, थांबा, दोन गाड्यांमधलं अंतर संगणक सांभाळतो. फलाटाच्या कडेला काचेची भिंत असते. गाडी नेमकी जागेवर थांबली की दोन्हीकडची दारं एकदम उघडतात.

आपल्या मेट्रोच्या केबिनमध्ये चालक असतो, पण तिचीही सिग्नल यंत्रणा गाडीशी रेडिओवरून सतत बोलत असते. म्हणजे तंत्राचा मोठा भाग पुण्यात रोज चालतोच आहे. रामवाडी ते टर्मिनल एवढ्या टप्प्यासाठी अशी गाडी हवीच, असं माझं ठाम मत आहे.