पथ्याचें पान वेगळें कां?

खडकी म्हटली कीं १८१७ सालची लढाई आठवते. परंतु गेलीं दीडशें वर्षें या गांवाचें दैनंदिन जीवन लढाईपेक्षां कारखान्याशींच अधिक बांधलें गेलें आहे. दारूगोळ्याचा कारखाना येथें १८६९ सालीं निघाला. पहांटे उठून सायकलीवर पाळीस जाणारा व दिवसभर अंगमेहनत करणारा माणूस तळलेलें, तुपाचें अन्न सहज पचवीत असे. आज त्या पिढीचे आजोबा निवृत्त होऊन आरामखुर्चींत बसले आहेत आणि नातू संगणकापुढें बसला आहे. स्वयंपाकघरांतली तेलाची पळी मात्र पूर्वीचीच राहिली आहे.

मग एखादे दिवशीं मामंजींच्या रक्तांत साखर वाढलेली निघते आणि त्यांचें पान वेगळें होतें. सर्वांस कोथिंबीरवडी, त्यांस उकडलेला दुधी! चार दिवस ते निमूटपणें जेवतात. पांचव्या दिवशीं नातवाच्या ताटांतली वडी हळूच उचलतात. दोष त्यांचा नाहीं. एकत्र कुटुंबांत पंगत ही केवळ पोट भरण्याची सोय नव्हे. तिच्यांतून वेगळा काढलेला माणूस आपण घरांतच परके झालों असें मानूं लागतो. भारतांत मधुमेहाचे सुमारें १० कोटी रुग्ण असल्याचा अंदाज २०२३ सालीं एका देशव्यापी पाहणीवरून प्रसिद्ध झाला. तेव्हां ही एका-दोघां घरांची गोष्ट राहिलेली नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, पथ्य एकट्याचें करण्याऐवजीं पदार्थच सर्वांसाठीं हलका करावा.

याकरितां प्रथम तेलाचें काम ओळखावें. एक ग्रॅम तेलापासून ९ उष्मांक मिळतात, तर तितक्याच पिष्टापासून किंवा प्रथिनापासून ४. परंतु फोडणीचा वास तेलांत उतरतो व त्यास एक चमचा तेलही पुरतें. तळणींत मुरणारें तेल चवीपेक्षां भारच अधिक वाढवितें.

कोथिंबीरवडीसाठीं दोन वाट्या चिरलेली कोथिंबीर, एक वाटी डाळीचें पीठ, तीळ, मिरची, हळद व मीठ एकत्र करून लागेल तेवढ्याच पाण्यांत भिजवावें. वळकट्या वीस मिनिटें वाफवाव्या, पूर्ण निवल्यावर कापाव्या आणि तव्यावर दोन लहान चमचे तेलांत खरपूस भाजाव्या. गरम असतां कापल्यास त्या फुटतात. बटाटेवडे आप्पेपात्रांत थेंब-थेंब तेलावर करतां येतात. ते तळलेल्या वड्यासारखे फुलत नाहींत हें खरें, पण गरम असतां रुचकर लागतात. थालीपिठाच्या भाजणींत किसलेला दुधी मिसळावा. लोणी वाढावयाचें तें शेवटीं, वरून, लहान चमचाभर.

उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याऐवजीं वरीचे तांदूळ, थोडें दाण्याचें कूट, आणि जोडीला दह्यांतली काकडीची कोशिंबीर असावी. वरींत प्रथिनें व तंतु अधिक असले तरी तीही मोजूनच वाढावी.

दोन गैरसमज मात्र टाळावे. साखरेऐवजीं गूळ घातला कीं पदार्थ निरुपद्रवी झाला, असें नाहीं. रक्तांतली साखर दोहोंनींही वाढते. पुरणपोळी करावयाची ती नीट, पूर्वीसारखीच करावी. पण सणालाच, आणि मधुमेही माणसास अर्धी. दुसरें, तेल कमी केलें म्हणून चवीसाठीं मीठ वाढवूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें दिवसाला माणशीं ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमच्याच्या आंतच, मीठ सांगितलें आहे. आणि त्यांत पापड-लोणचेंही आलें. चव वाढवावयास लिंबू, आमसूल व भाजलेलें जिरें आहेच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असल्यास आहार बदलण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

सारा स्वयंपाक एका दिवसांत बदलण्याचा हट्ट धरूं नये. सासूबाईंस तो आपल्या हातच्या चवीचा अपमान वाटेल, व तें स्वाभाविकही आहे. आठवड्याला एक पदार्थ घ्यावा, तो त्यांच्याच देखरेखीखालीं करावा, आणि कोणासही ‘पथ्याचें’ म्हणून न सांगतां सर्वांच्या पानांत सारखाच वाढावा.