भात, पाव आणि वाघ

फ्रान्समधल्या गावाकडच्या रेस्टॉरंटात बसलं की आधी पावाची टोपली पुढ्यात येते. लांबुडका बॅगेट मोडावा, कवच कुरकुरत तुटावं आणि खमंग वास नाकात शिरावा! आता भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या घरी चला. चुलीवर चिन्नोर तांदळाचा भात शिजतोय आणि त्याची वर्दी अंगणापर्यंत पोहोचली आहे. या दोन्ही वासांमागे एकच रेणू आहे, हे कळल्यापासून मला तरी या भाताकडे साधेपणानं बघता येत नाही.

रेणूचं नाव २-असिटिल-१-पायरोलीन. सुवासिक भातात तो १९८२ मध्ये बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला. पुढे पावाच्या कवचातही सापडला. दहा अब्ज भाग पाण्यात याचा एक भाग असला तरी आपलं नाक त्याला पकडतं.

खरी गंमत पुढे आहे. पावात हा वास भट्टी घडवते: पिठातली अमिनो आम्लं आणि साखर कडक आचेत एकत्र आली की तो तयार होतो. धान मात्र बिनआचेचं, बांधीत, म्हणजे भातखाचरात, उभ्या उभ्याच तो बनवतं. साध्या धानातही त्याचा कच्चा माल असतो, पण एक विकर तो दुसऱ्याच कामाला लावतं. बहुतेक सुवासिक जातींत त्या विकराचा जनुकच मोडका आहे. म्हणजे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या नाकाच्या भरवशावर एक बिघाड निवडला, जपला, पेरला!

दाणा भरताना हवा थंड असली तर वास चांगला उतरतो. चिन्नोर उशिरा निसवणारं धान, त्यामुळे थंडी त्याला लाभते. पण तोवर पाऊस निघून गेलेला असतो. तेव्हा कामी येतात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजानं काही शतकांपूर्वी घातलेल्या पाळींआडचं पाणी अजूनही बांध्यांना शेवटची ओल पुरवतं.

आणि हाच रेणू वाघाकडेही आहे! हद्द आखायला वाघ झाडाझुडपांवर जो फवारा मारतो, त्यात तो रतनलाल ब्रह्मचारी या बंगाली शास्त्रज्ञाला आणि सहकाऱ्यांना सापडला. भंडाऱ्यातच कोका अभयारण्य आहे. तिथल्या जंगलवाटेवर भाताचा वास आला, तर जेवणाची वेळ झाली असं समजू नये.

वासासारखंच नावही जपावं लागतं. फ्रान्सनं १९२५ मध्ये रोकफोर चीजचं नाव कायद्यानं त्याच्या गावाशी बांधून टाकलं. भंडारा चिन्नोरलाही आता भौगोलिक मानांकन आहे, आणि वैनगंगेच्या वरच्या अंगाला बालाघाटच्या चिन्नोरला वेगळं. हायवेवरच्या ढाब्यात तो मिळेल अशी आशा नको. कुणी घरी वाढलाच, तर झणझणीत रस्सा जरा बाजूला ठेवा; आधी साधं वरण, वर चमचाभर तूप.