पडण्याचा हक्क

"वकीलकाका, वॉचमनने आमचा बोर्ड ठेवून घेतलाय. तुम्ही नोटीस काढा."

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आमच्या वस्तीतली पाच मुले माझ्या दारात येऊन उभी राहिली. तीन मुलगे, दोन मुली. त्यातली एक माझी पुतणी. प्रकरण साधे होते. वस्तीजवळच्या सार्वजनिक बागेत सिमेंटचा गुळगुळीत चौथरा आहे. तिथे ही मुले एकच स्केटबोर्ड आळीपाळीने खेळत होती. वॉचमनने त्यांना हाकलले आणि बोर्ड ठेवून घेतला. त्याच चौथऱ्यावर शेजारच्या सोसायटीतली मुलेही स्वतःचे बोर्ड घेऊन खेळत होती. त्यांना मात्र कोणी हटकले नाही.

नोटीस काढावी लागली नाही. मी बागेत गेलो, वॉचमनशी चार शब्द बोललो, बोर्ड परत मिळाला. परत येताना त्यातल्या एका मुलाने विचारले, "काका, आम्ही सहा महिने खेळतोय, पण पुढेच जात नाही. सोसायटीतली पोरं दोन महिन्यांत शिकतात. आमच्यात काय कमी आहे?"

वाचकहो, या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. 'आमच्यात काय कमी आहे' हा प्रश्न मी कायद्याच्या वर्गात स्वतःला विचारला होता. आमच्या पोरांना तो इंग्रजीच्या तासाला पडतो, मुलाखतीच्या खोलीबाहेर पडतो. आता तो चार चाकांच्या फळीवरही पडू लागला आहे. त्याचे उत्तर शोधणे मला भाग होते. म्हणून मी या खेळाची माहिती काढली, आठवडाभर त्या चौथऱ्याच्या कडेला बसून दोन्हीकडची मुले पाहिली.

मला जे दिसले ते असे. सोसायटीतली मुले आमच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा पडत होती. डोक्याला हेल्मेट, गुडघ्याला आणि मनगटाला पॅड. पडायचे, हसायचे, उठायचे, पुन्हा तेच. आमची मुले मात्र जपून खेळत होती. का? बोर्ड मोडला तर दुसरा नाही. हात मोडला तर बापाच्या आठवड्याच्या मजुरीवर पाणी. शिवाय घरी मार. मुलगी पडली तर 'आता बस झालं, घरात राहा' हे ठरलेलेच. स्केटबोर्ड हा पडून शिकण्याचा खेळ आहे. ज्याला पडणे परवडते तो लवकर शिकतो. कमी काही असेल तर ते मुलांच्या अंगात नाही, त्यांच्या परिस्थितीत आहे.

मग परिस्थिती बदलेपर्यंत थांबायचे का? मुळीच नाही. पडणे स्वस्त कसे करायचे, हे आपल्याला शिकता येते.

पहिला धडा पडण्याचाच. पडताना हात ताठ करून जमिनीवर टेकवू नये, त्याने मनगट मोडते. गुडघे वाकवून अंग खाली आणावे, कोपर सैल ठेवावे आणि खांद्यावरून लोळण घ्यावी. बोर्ड पायाखालून निसटत असेल तर त्याला सोडून द्यावे आणि दोन पावले धावत उतरावे. हे गवतावर किंवा अंगणात जुनी गोधडी अंथरून बोर्डाशिवाय करता येते. ज्याला पडायची भीती उरली नाही, त्याचे अंग ताठरत नाही, आणि ज्याचे अंग ताठरत नाही तो कमी पडतो. हेल्मेट मात्र हवेच. पाच जणांत एक बोर्ड चालत असेल, तर एक हेल्मेटही चालेल. जो बोर्डावर, त्याच्या डोक्यावर हेल्मेट.

बोर्ड घेतानाही डोळे उघडे ठेवा. खेळण्यांच्या दुकानातली रंगीत फळी स्वस्त दिसते, पण तिची चाके नीट फिरत नाहीत, आणि मुलाला वाटते की दोष आपल्या पायात आहे. पाच घरांनी पैसे काढून एक बरा बोर्ड घेणे हे पाच भिकार बोर्डांपेक्षा शहाणपणाचे.

एकट्याने सराव करायचा तर शिस्त लागते. कोणता पाय पुढे ठेवायचा हे आधी ठरवा. डावा पुढे असेल तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा असेल तर गूफी. त्यात चूक-बरोबर काही नाही. ढकलायचे मागच्या पायाने. चालणे, वळणे, थांबणे हे पक्के झाल्याशिवाय उड्यांच्या मागे लागू नका. आमच्या मुलांची हीच चूक होत होती. मोबाईलवर पाहायचे आणि थेट उडी मारायची.

या खेळातली मूळ उडी म्हणजे ऑली. मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटायचे, त्याच क्षणी वर उडायचे, आणि पुढचा पाय फळीवरून पुढे घासत नेऊन फळी हवेत सपाट करायची. तीन हालचाली, पण एका श्वासात. म्हणून ती तुकड्यांत शिकावी. आधी गवतावर उभे राहून नुसते शेपूट आपटणे, मग उडी, मग पाय घासणे, शेवटी हळू चालत्या बोर्डावर. रविवारी चार तास घाम गाळण्यापेक्षा रोज पाऊण तास बरा. अंग झोपेतही शिकत असते, शिकलेले पक्के व्हायला त्याला मधला वेळ लागतो. आणि घरातला मोबाईल विटेला टेकवून स्वतःचे चित्रीकरण करा. आपण काय करतो असे आपल्याला वाटते आणि प्रत्यक्षात काय करतो, यातला फरक त्यात दिसतो.

एकट्याने माणूस कुठवर जाऊ शकतो याचे उदाहरण अमेरिकेचा रॉडनी म्युलन. फ्लोरिडातल्या आडगावच्या शेतावर वाढलेला हा मुलगा. वडिलांची अट अशी की गंभीर इजा झाली त्या दिवशी बोर्ड बंद. त्याने तासन्तास एकट्याने सराव केला. ऑली ही उडी मुळात अ‍ॅलन गेलफंड याने उतारावर आणली होती. ती सपाट जमिनीवर आणण्याचे आणि पुढे किकफ्लिप घडवण्याचे काम 1980च्या दशकाच्या सुरुवातीला म्युलनने केले. आज जगभरातली मुले रस्त्यावर जे करतात, त्यातले कितीतरी त्या एकाकी सरावातून आले आहे.

पण एकटेपणा सगळ्यांना मानवत नाही. मित्रांबरोबर शिकण्याचे फायदे वेगळे आहेत. आपल्यापेक्षा एकच पायरी पुढे असलेला मित्र हा सर्वांत चांगला शिक्षक, कारण ती पायरी तो कालच चढलेला असतो. जे आपल्याला आले ते लगेच खालच्याला शिकवा, शिकवताना आपलेच पक्के होते. एकच बोर्ड असेल तर वाट पाहणाऱ्यांनी गप्पा न मारता खेळणाऱ्याचे पाय पाहावेत आणि त्याला एकच चूक सांगावी. दहा चुका सांगितल्या तर तो गोंधळतो. मुलांमध्ये एक खेळही आहे. एकाने उडी करून दाखवायची, बाकीच्यांनी तीच करायची. चुकला की त्याच्या नावावर 'स्केट' या शब्दाचे एक इंग्रजी अक्षर. पाच अक्षरे भरली की बाद. यात आपण ज्या उड्या टाळतो त्याच कराव्या लागतात.

2021 साली टोकियोत ऑलिम्पिक झाले. स्केटबोर्ड त्यात पहिल्यांदाच होता. मुलींच्या अंतिम फेरीत जपानची पंधरा वर्षांची मिसुगु ओकामोतो शेवटच्या प्रयत्नात पडली आणि चौथी आली. ती रडत असताना इतर देशांच्या स्पर्धक मुलींनी तिला खांद्यावर उचलून घेतले. पडलेल्याला खांद्यावर घेणारी स्पर्धा आमच्या समाजव्यवस्थेने कधी पाहिली आहे काय?

आपल्या देशातही असे एक ठिकाण आहे. मध्य प्रदेशात, बुंदेलखंडातल्या पन्ना जिल्ह्यातले जनवार हे खेडे. गावात यादव आणि आदिवासी. त्यांच्या मुलांनी एकत्र खेळण्याची रीत नव्हती. 2015 साली उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी तिथे सिमेंटचे स्केटपार्क उभारले. नियम दोनच: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. बोर्ड सामाईक. मुले अनवाणी खेळू लागली, एकमेकांचे पाहून शिकू लागली. उडी शिकायची तर ज्याला ती येते त्याला विचारावे लागते, त्याचा हात धरावा लागतो. हात धरला की विटाळ कुठे राहतो? त्याच गावची आशा गोंड ही आदिवासी मुलगी 2018 साली चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. प्रश्न एवढाच की, हे करायला जर्मनीहून कोणी यावे लागले. आपल्याकडच्या ग्रामपंचायती आणि पालिका इतकी वर्षे काय करत होत्या?

खेळात जागेचा आणि सरावाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी सपाट करण्याचे आणि आखण्याचे काम करत. ग्रेग नावाच्या साहेबाला सरावासाठी ते तासन्तास चेंडू टाकत. फलंदाजी मात्र साहेबांची मक्तेदारी. परिणाम काय झाला? जेवढा सराव मिळाला तेवढ्यात बाळू अव्वल झाले. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. बॅट हाती मिळाली असती तर? संधी मिळाली तिथे पराक्रम झाला, नाकारली तिथे 'गुणवत्ता नाही' म्हणून शिक्का बसला.

म्हणून जागा मागा, आणि कायद्याने मागा. संविधानाच्या कलम 15(2) प्रमाणे सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणांच्या वापरात जात, धर्म, लिंग यांवरून कोणाला अडवता येत नाही. या कलमामागे 1927 चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह उभा आहे, हे विसरू नका. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम 31 मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करते, आणि भारताने तो करार 1992 साली स्वीकारला आहे. पालिका वेळ ठरवू शकते, नियम लावू शकते. पण तो नियम सर्वांना सारखा हवा. वॉचमनशी भांडू नका, तोही बहुधा आपल्यातलाच कंत्राटी कामगार असतो. पालकांच्या सह्यांचा अर्ज करा, खेळाची वेळ लेखी मागा, पोच घ्या. आपल्या प्रभागात विकास आराखड्यानुसार मैदानासाठी राखीव जागा कोणती आणि तिचे काय झाले, हे 2005च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारा.

आमचा अर्ज अजून टेबलांवरून फिरतो आहे. तोवर आम्ही विहाराचे सिमेंटचे अंगण मागितले. आजीमंडळी आधी रागावली, "वंदनेच्या वेळी हा खडखडाट कशाला?" मग ठरले, वंदना झाल्यावर एक तास. जनवारचे दोन्ही नियम आम्ही घेतले. फलकावर लिहिले: शाळा चुकवली तर बोर्ड नाही, मुली आधी. सामाईक हेल्मेट आणि पॅड वर्गणीतून आले.

माझी पुतणी तिसऱ्या आठवड्यात पडली, कोपर सोलवटले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता पुरे." तेव्हा कठड्यावर बसलेल्या तिच्या आजीनेच सांगितले, "पडू दे गं तिला. आपण पडायलाही कुठं गेलो होतो?" आता तिचा बोर्ड जमिनीपासून चार बोटे उचलतो. चार बोटेच, पण चालत्या बोर्डावर.

त्या मुलाला मी उत्तर दिले आहे, आणि तेच आपल्या सर्वांना सांगतो. आमच्या मुलांत काही कमी नाही. त्यांना सपाट जागा हवी, रोजचा तास हवा, चूक सांगणारा मित्र हवा, आणि पडल्यावर 'बस झालं' न म्हणणारे घर हवे. यातल्या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. चौथीसाठी, म्हणजे जागेसाठी, अर्ज लिहायला बसा. आणि तोवर आपल्या विहाराचे, समाजमंदिराचे अंगण येत्या रविवारपासून एक तास मुलांना मोकळे करून द्या.