खाजगी वैमानिकाची उड्डाणे आणि हवामान

खाजगी वैमानिक किती वेळा उड्डाण करतो, हा प्रश्न वरकरणी हौसेचा व खर्चाचा भासतो. वस्तुतः तो हवामानाशीही निगडित आहे. अमेरिकेतील नियमानुसार, प्रवासी सोबत न्यावयाचे असल्यास वैमानिकाने मागील 90 दिवसांत त्याच वर्गाचे विमान किमान 3 वेळा उडवून उतरविलेले असावे लागते. परंतु ‘अनुज्ञात’ व ‘निर्धोक’ हे शब्द समानार्थी नव्हेत.

केवळ दृष्टीच्या आधारे उडणाऱ्यास ढगांपासून मोकळे आकाश, मंद वारा व दूरवरची दृश्यमानता हवी असते. थंड हवा दाट असल्याने पंखांना उचल व एंजिनाला शक्ती अधिक लाभते. म्हणून हिवाळ्यातील स्वच्छ सकाळ त्यास सोयीची ठरते.

ही आवड म्हणजे चैन नव्हे. 1954 साली इलिनॉय विद्यापीठातील एका प्रयोगात, उपकरणांवर विसंबून उडण्याचे शिक्षण नसलेल्या 20 जणांना कृत्रिम रीतीने ढगातील स्थितीत ठेवले असता, सर्वांचाच विमानावरील ताबा सुटला; त्यास सरासरी 178 सेकंद लागले. दृष्टीचा आधार तुटला, की आंतरकर्ण दिशाभूल करतो.

सारांश, अनुकूल हवेची वाट पाहता पाहता सराव तुटतो, आणि न पाहता निघाल्यास प्राणांशी गाठ पडते. या दोहोंतील विवेक हेच खाजगी वैमानिकाचे खरे कौशल्य होय.