कोण, कुठे, केव्हा?

आकडे म्हटले की जांभई येते ना? मग कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताची ही गोष्ट वाचा.

तिथे नशेच्या पदार्थांत फेंटानिल मिसळलं जाऊ लागलं. खरं तर हे शस्त्रक्रियेत वापरायचं वेदनाशामक, पण हेरॉइनच्या सुमारे ५० पट जहाल! मात्रा जरा वाढली, की श्वासच थांबतो.

एप्रिल २०१६ मध्ये प्रांताचे आरोग्याधिकारी डॉ. पेरी केंडल यांनी आरोग्य आणीबाणी जाहीर केली. कशासाठी, ठाऊक आहे? मुख्यतः माहिती झटपट मिळावी म्हणून! कोण, कुठे, केव्हा अत्यवस्थ झालं, हे वेळेवर कळतच नव्हतं.

आपल्याला वाटतं, अशी माणसं रस्त्याकडेला सापडत असतील. छे! आकडे वेगळंच सांगत होते. बहुतेक मृत्यू घरात, नाहीतर कुठल्या तरी खोलीत झाले होते आणि पुष्कळ जण तेव्हा एकटेच होते. नॅलॉक्सोन हे औषध वेळेत दिलं, तर श्वास परत सुरू होऊ शकतो. पण ते द्यायला दुसरं माणूस नको का?

म्हणून डिसेंबर २०१६ पासून देखरेखीची केंद्रं निघाली. नॅलॉक्सोनचे संच फुकट वाटले गेले. पोलिसांच्या भीतीनं लोक फोन करायला कचरत. २०१७ च्या कायद्यानं मदत मागणाऱ्याला थोडं अभय दिलं. २०२० मध्ये तर एकट्यांसाठी मोबाइलवर गजर आला. तो बंद केला नाही, की मदतीसाठी आपोआप फोन जायचा!

तरी २०२३ मध्ये २५०० हून जास्त माणसं गेली. २०२४ मध्ये आकडा २२५० च्या आसपास उतरला. त्यातलेही बहुतेक चार भिंतींच्या आतच.