सुईच्या टोकाएवढी जखम

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक होजमधून तेल झिरपताना दिसलं की हात आपोआप तिकडे जातो, आणि तिथेच घात होतो. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण 30 पीएसआय असतो, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये तेलाचा दाब 2000 पीएसआयच्याही पुढे जातो. कातडी भेदायला 100 पीएसआयच्या आसपासचा दाबही पुरतो. बारीक छिद्रातून निघालेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी धार बोटात इंजेक्शनसारखी शिरते. फसगत अशी, की सुरुवातीला फारसं दुखत नाही, रक्तही जवळजवळ येत नाही. आत मात्र तेल तळहाताकडे पसरतं, सुजेने रक्तपुरवठा तुटतो आणि कधी बोटच कापावं लागतं.

‘इंजिन बंद आहे, मग भीती कसली?’ असं अनेक जण म्हणतील. पण इंजिन बंद म्हणजे फक्त पंप थांबला. वर उचललेल्या अवजाराचा भार सिलिंडरमधल्या तेलावर तसाच असतो. म्हणून अवजार जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं, लिव्हर पुढे-मागे हलवून उरलेला दाब सोडायचा आणि मगच जोड सैल करायचा. हातमोजे ही धार अडवत नाहीत. हंगामात इतका वेळ कुणाला, हा प्रश्न खरा आहे. पण दाब सोडायला काही मिनिटंच लागतात. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवला तरी भागतं. आणि तेल शिरलंच, तर सूज येण्याची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा, आणि ‘दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ हे डॉक्टरांना आधी सांगा.